एक्स्पायर झालेले बोटीचे फ्लेअर: ठेवायचे, टाकायचे की अजून काय?

शिडवाला_सिंहगडरोड:

नमस्कार मंडळी. आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक छोटी सेकंडहँड शिडाची बोट घेतलीये, ती असते मांडव्याच्या बाजूला आणि आम्ही सगळे पुण्यात. बोटीवर ठेवलेलं सामान पाय फुटल्यासारखं गायब होतं म्हणून महागाच्या वस्तू, म्हणजे हातातला व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस आणि फ्लेअरचा (संकटात पेटवून खूण करायच्या नळकांड्यांचा) डबा माझ्या घरी असतो, जाताना गाडीच्या डिकीत टाकायचा आणि येताना परत आणायचा असं चाललंय. आता पावसाळा म्हणून बोट वर काढलेली आहे, त्यामुळे सगळं निवांत तपासायला घेतलं तर हँड फ्लेअरवरची तारीख मागच्या वर्षीच संपलेली, दोन पॅराशूट रॉकेट त्याच्याही आधीची, आणि एक नारंगी धुराचा डबा आहे, तो जुन्या मालकाकडून बोटीबरोबर फुकट आलेला, त्याच्यावर २०१५ लिहिलंय आणि बुडाला गंज धरलाय.

मित्राचं म्हणणं तारीख ही कंपन्यांची विक्रीची ट्रिक, औषधाच्या गोळ्या नाही का नंतरही चालतात, त्यामुळे नवे घ्यायची घाई नको. बायकोचं म्हणणं घरात बॉम्ब आहे. डबा सध्या बाथरूमच्या माळ्यावर आहे, गीझरच्या वरच्या बाजूला. खरंच वेळ आली तर हे पेटतात का, पेटले तर भरवशाचे असतात का, आणि टाकायचे झाले तर पुण्यात टाकायचे कुठे? समुद्र दीडशे किलोमीटरवर, इथे कुणाला विचारलं तर आधी फ्लेअर म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं.

पर्वतीचा_पाहुणा:

सोप्पंय. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी टेकडीवर जायचं आणि उडवून टाकायचे, अख्ख्या सोसायटीत तुमचंच रॉकेट सगळ्यात वर जाईल. काय ते टेन्शन.

जुना_थर्डमेट:

पर्वतीच्या पाहुण्यांनी कृपया माझा प्रतिसाद पूर्ण वाचावा आणि मगच टेकडी चढावी.

मी मर्चंट नेव्हीत होतो. जहाजावर लाइफबोट, राफ्ट म्हणजे फुगणारा तराफा, फ्लेअर या सगळ्याचं रजिस्टर थर्ड मेट नावाच्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या गळ्यात असतं, त्यामुळे या तारखा माझ्या स्वप्नात यायच्या. बहुतेक कंपन्या बनवल्यापासून ३ वर्षं देतात, काही ४ देतात. तारीख गेली की सर्व्हेअर, म्हणजे जहाज तपासणारा अधिकारी, वाद घालत बसत नाही, तो आयटम त्याच्या हिशेबात शून्य. तुमच्या बोटीला सर्व्हेअर येत नसेल, पण तारखेचा अर्थ तोच राहतो: इथपर्यंत हा माल नियमातल्या आकड्यांप्रमाणे वागेल याची हमी कंपनी घेते, पुढे तुमचं तुम्ही बघा.

ते आकडे काय आहेत हे बघितलं की "पेटतं की नाही" हा प्रश्नच अपुरा आहे हे कळतं. सोलास म्हणजे समुद्रावरच्या जीवरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार, त्याखालच्या एलएसए कोडप्रमाणे, म्हणजे जीव वाचवायच्या सामानाच्या नियमांप्रमाणे, पॅराशूट रॉकेट सरळ वर उडवलं तर किमान ३०० मीटर गेलं पाहिजे, वर जाऊन किमान ४० सेकंद लाल जळलं पाहिजे, प्रकाश सरासरी ३०,००० कँडेला (कँडेला हे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप), आणि खाली येताना वेग सेकंदाला ५ मीटरपेक्षा जास्त नको. आता गणित करा. ४० सेकंदात ५ च्या वेगाने ते २०० मीटर खाली येतं. म्हणजे विझतं तेव्हा ते पाण्यापासून अजून १०० मीटर वर असतं. ही सगळी सुरक्षितता त्या ३०० मीटरवर उभी आहे. आता जुन्या रॉकेटची दारू दमट होऊन ते दीडशे मीटरच गेलं, तर ते जळत जळत खाली टेकणार. पॅराशूट चिकटलं असेल आणि उघडलंच नाही तर विचारूच नका. समुद्रात खाली पाणी असतं. तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर खाली काय असतं, तर वाळकं गवत, आणि दर उन्हाळ्यात आपण तिथे वणवे बघतोच. शिवाय लोहगावला विमानं उतरत असतात. दिवाळीचा विचार डोक्यातून काढा.

मांडव्याला जाऊन "टेस्ट" म्हणूनही उडवू नका. संकट नसताना संकटाची खूण वापरायची नाही हे समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांमध्येच लिहिलंय, चौथ्या परिशिष्टात. कुणीतरी लाल दिवा बघून १५५४ ला, म्हणजे कोस्ट गार्डच्या हेल्पलाइनला फोन लावणार, मग शोधाशोध सुरू, आणि त्याच वेळी दुसरीकडे कुणी खरंच बुडत असेल तर त्याच्या वाट्याची बोट तुमच्याकडे आलेली असणार.

दारूगोळा_निवृत्त:

खडकीत पायरोटेक्निकच्या कामात नोकरी झाली, त्यामुळे आतल्या मालाबद्दल थोडं सांगतो, रेसिपी विचारू नये.

लाल फ्लेअरमध्ये मुख्य दोन गोष्टी, मॅग्नेशियमची पूड आणि स्ट्रॉन्शियम नायट्रेट. मॅग्नेशियम जळतं, नायट्रेट त्याला ऑक्सिजन पुरवतं आणि लाल रंग स्ट्रॉन्शियमचा. ऑक्सिजन आतच असल्यामुळे हा प्रकार पाण्याला जुमानत नाही, हँड फ्लेअरला तर नियमच आहे की पेटलेला असताना १० सेकंद १०० मिलिमीटर पाण्याखाली धरला तरी जळत राहिला पाहिजे. आता याचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा. मॅग्नेशियमला ओल लागली की त्याचं हळूहळू हायड्रॉक्साइड होतं आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून जुन्या नळ्या कधीकधी फुगलेल्या दिसतात किंवा टोपणाच्या सांध्याला पांढरी भुकटी येते. जेवढं मॅग्नेशियम असं वाया गेलं तेवढा प्रकाश कमी, पण कमी होतो तोही सगळीकडे सारखा नाही. एका बाजूला मसाला भेगाळलेला असेल तर आग त्या भेगेतून एकदम आत जाते, एक मिनिट जळायचा तो फ्लेअर वीस सेकंदात भडकून संपतो, नाहीतर बाजूने नळी फोडून बाहेर येतो. आणि ती आग हजार अंशांच्या बरीच वर असते, हातात धरलेली.

आपले मित्र गोळ्यांचं उदाहरण देतात. गोळी जुनी झाली तर बहुतेक वेळा गुण कमी येईल एवढंच. इथे माल जुना झाला तर त्याचा स्वभाव बदलतो.

दुसरं म्हणजे मसाला ठणठणीत असेल तरी पेटवायची यंत्रणा दगा देते. दोरी ओढून घर्षणाने पेटणारे असतात, टोपण फिरवून ठोकायचे असतात, रॉकेटला कॅप आणि स्प्रिंग असते. गंज, मीठ, कुजलेली दोरी, एवढं पुरे. न पेटलेला तरी कळतो, उशिरा पेटणारा वाईट. रॉकेट उडालं नाही तर लोक नळीत डोकावून बघतात. तोंड बोटीबाहेर समुद्राकडे ठेवून निदान अर्धा मिनिट तसंच धरायचं आणि मग पाण्यात सोडायचं, कंपनीच्या सूचना असतात त्या वाचाव्यात.

धुराच्या डब्याबद्दल मात्र हसण्यासारखं काही नाही. नारंगी धुराच्या मिश्रणात बहुतेक वेळा क्लोरेट असतं, त्याला ओल, गंज, आम्ल यांच्या संगतीत मी ठेवणार नाही. २०१५ चा आणि बुडाला गंज, तर हलवू नका, खरवडून बघू नका, झाकण उघडू नका.

शिडवाला_सिंहगडरोड:

बापरे. काका, गंज बघायला मी तो कालच उलटा करून टेबलावर ठोकला होता. आता माळ्यावर परत ठेवलाय. बादलीत बुडवून ठेवू का सगळं? यूट्यूबवर एकाने सांगितलं की दोन दिवस पाण्यात ठेवले की निकामी होतात.

दारूगोळा_निवृत्त:

नको. वर काय लिहिलं मी? पाण्यात टिकायलाच बनवलेली वस्तू पाण्याने मरत नाही, वॉटरप्रूफ सील असेल तर दोन दिवसांनी आत कोरडंच असेल, आणि सील गेलेलं असेल तर ओलं मॅग्नेशियम आणि हायड्रोजन घेऊन तुम्ही बाथरूममध्ये बसाल. वाळल्यावर परत पेटणार नाही याची कुणी हमी देत नाही. आणि ते पाणी शेवटी ओतणार कुठे.

कात्रजचा_बोका:

खडकवासल्यात टाका ना सरळ, खोल आहे.

जुना_थर्डमेट:

बोकोबा, ते पाणी नळाने तुमच्याच घरी येतं.

वल्हं_मारणारी:

मी थोडी वेगळ्या मताची आहे, रागावू नका. मी दापोली-हर्णै पट्ट्यात बरीच वर्षं सेलिंग करते आणि शिकवतेही. बोटीवर नवा, तारखेतला संच पूर्ण असेल आणि त्याच्या जोडीला नुकताच तारीख गेलेला, कोरडा, सील शाबूत असलेला एखादा हँड फ्लेअर पडलेला असेल तर मी तो फेकत नाही. तसे ठेवणारे बरेच लोक आहेत. समजा रात्री अडकलात, नवे सगळे जाळून झाले आणि लांबून मच्छीमाराची बोट दिसतेय, तर तेव्हा तो जुना पेटण्याची शक्यता शून्यापेक्षा नक्कीच जास्त आहे. पण तो मोजायचा नाही. आपल्याकडे फ्लेअर किती हे विचारलं तर तो त्या संख्येत नाही. वेगळ्या पिशवीत, वर मार्करने "जुना" लिहून, कारण अंधारात थरथरत्या हाताने डब्यात हात घातला आणि पहिला जुनाच निघाला तर गेलीच वेळ. आणि हे फक्त हँड फ्लेअरपुरतं, रॉकेट आणि धूर तारीख गेली की माझ्या बोटीवरून उतरतात.

आणि त्या मित्राला सांगा की फ्लेअर वापरायची पद्धत बघ, मग नव्याचे पैसे का मोजायचे ते कळेल. रॉकेट एकामागोमाग दोन उडवायची असतात. पहिलं बघणाऱ्याला वाटतं, अरे काहीतरी चमकलं का? दुसऱ्याने त्याची खात्री होते आणि तो दिशा पकडतो. तुमच्याकडे दोनच आहेत, त्यातलं एक फुसकं निघालं तर बघणारा परत झोपला. वारा जास्त असेल तर वारा जिकडे जातोय तिकडे थोडं कलतं धरायचं कारण रॉकेट वाऱ्यात तोंड घुसवतं, ढग खाली असतील तर ४५ अंशात, म्हणजे दिवा ढगाच्या खाली राहतो. हँड फ्लेअर बोटीच्या बाहेर, वारा जिकडे जातोय त्या बाजूला, हात लांब करून, तोंड फिरवून. त्यातून जळता चिकटा टपकतो, तो रबरी डिंगीवर, म्हणजे छोट्या फुगवायच्या होडीवर, पडला की भोक. जुन्या फ्लेअरमधून तो कसाही टपकतो, म्हणून तो पेटवायची वेळ आलीच तर हातात जाड हातमोजा हवा.

पेटवायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, त्यामुळे दोन कंपन्यांचे मिसळून ठेवू नका. दिवसाउजेडी धक्क्यावर बसून सूचना सगळ्यांनी मोठ्याने वाचायच्या, आम्ही दर सीझनला हे करतो, पोरं हसतात, हसू देत.

चाकणची_सेफ्टीवाली:

मी एका प्लांटमध्ये सेफ्टी बघते, समुद्राचं मला काही कळत नाही पण घरात ठेवण्याबद्दल आणि टाकण्याबद्दल बोलते, कारण तो भाग वरती गप्पांत हरवतोय.

आधी तो फ्लेअरचा डबा गीझरच्या वरून काढा, गंजलेल्या धुराच्या डब्याला हात न लावता. आज. माळ्यावर स्लॅबची उष्णता, खालून वाफ, म्हणजे या वस्तूला जे नको ते दोन्ही तुम्ही तिला दिलंय. एलएसए कोडमध्ये साठवणीचं तापमान उणे ३० ते ६५ अंश आहे, ते ऐकायला भरपूर वाटतं, पण मे महिन्यात हिंजवडीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या आत हात घालून बघा. डिकीत फ्लेअर ठेवून ऑफिसला जाणं बंद. प्रवासाच्या दिवशीच गाडीत घ्या, पेट्रोलचा कॅन आणि आउटबोर्ड इंजिनचं तेल त्याच डिकीत नको, वर अँकर आणि साखळी रचू नका. तारखेतले जे आहेत ते घट्ट फिरकीच्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या, जमिनीलगत, सावलीतल्या कोरड्या कपाटात कुलूप लावून, गॅस सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, रंग-थिनर यांच्यापासून लांब. मुलांना त्याच्यावरची लाल टोपी खेळण्यासारखी दिसते हे विसरू नका. कुलूप घरी, बोटीवर मात्र कधीच नाही, तिथे किल्ली शोधायला कुणाला वेळ असतो.

सोसायटीच्या डक्टमध्ये किंवा मीटर रूममध्ये "तात्पुरतं" ठेवणारे महाभाग असतात, ते तर अजिबात नको.

आता टाकण्याचं. ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात नाही. सकाळी कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई हाताने कचरा वेगळा करतात, पुढे तो गाडीत दाबला जातो, त्या दाबाखाली घर्षणाने पेटणारी वस्तू म्हणजे काय होईल हे सांगायला नको. भंगारवाल्याला देऊ नका, तो ॲल्युमिनियमच्या नळीसाठी ती फोडेल. कुरियर नाही, एसटी नाही, रेल्वे तर नाहीच, रेल्वे कायद्याच्या १६४ कलमाखाली धोकादायक माल बेकायदा नेला तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हा नुसता "फटाक्यासारखा" प्रकार म्हणून सोडून देऊ नका, एक्स्प्लोझिव्ह्ज ॲक्ट १८८४ च्या व्याख्येत फटाके, रॉकेट, फॉग सिग्नल, पर्कशन कॅप सगळं येतं. यावर देखरेख पेसोची, म्हणजे स्फोटकांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ज्यांचं मुख्यालय नागपूरला आहे.

तारीख गेलेले पण दिसायला धडधाकट असलेले हँड फ्लेअर आणि रॉकेट: ज्याच्याकडून नवे घेणार त्या शिप चँडलरला (बोटीचं सामान विकणाऱ्याला) किंवा लाइफराफ्ट सर्व्हिसिंग करणाऱ्या मुंबईतल्या स्टेशनला आधी फोन. राफ्ट उघडली की आतले जुने फ्लेअर बदलावेच लागतात, त्यामुळे जुन्या मालाचं काय करायचं याची त्यांच्याकडे काहीतरी व्यवस्था असते. तुमचे घेतील की नाही हे त्यांनाच विचारा, काही जण नव्याच्या बदल्यात घेतात, काही नाही म्हणतात. कंपनी, प्रकार, बॅच नंबर, तारीख यांचे फोटो तयार ठेवा. न विचारता डबा घेऊन दारात जाऊ नका.

गंजलेला धुराचा डबा: त्याला गाडीत घालून कुठेही नेऊ नका. खोलीचं दार बंद, घरच्यांना सांगून ठेवा, आणि ११२ ला फोन करून साध्या शब्दांत सांगा की बोटीवरचा संकटात वापरायचा धुराचा डबा आहे, जुना आणि गंजलेला आहे. पोलिसांचं बॉम्ब शोधक-नाशक पथक अशाच गोष्टींसाठी असतं. लोक घाबरतात की चौकशी मागे लागेल. प्रश्न विचारतील, विचारणारच, बोटीचे कागद समोर ठेवा.

पर्वतीचा_पाहुणा:

बरं, दिवाळी रद्द. पण सिरियसली विचारतो, आता एलईडीचे फ्लेअर मिळतात ऑनलाइन, बॅटरी बदलली की झालं, मग ही कटकट कशाला?

वल्हं_मारणारी:

माझ्याकडे आहे एक. तासन्तास चालतो, हात भाजत नाही, डिंगीला भोक पडत नाही, मुलांच्या हातात देता येतो. पण ३०,००० कँडेलाचं ३०० मीटर वर गेलेलं रॉकेट आणि हातात धरलेला लुकलुकणारा दिवा यांची बरोबरी होत नाही, आणि सोलासच्या जहाजांवर तो दारूच्या फ्लेअरऐवजी धरला जात नाही. भर दुपारी तर त्याचा उपयोग जवळजवळ नाहीच, तिथे नारंगी धूरच लागतो. जोडीला ठेवायला उत्तम.

तुम्हाला खर्चच करायचा असेल तर तो ४०६ मेगाहर्ट्झच्या पीएलबीवर, म्हणजे अंगावर बाळगायच्या संकट-ट्रान्समीटरवर, करा, तो उपग्रहाला सांगतो की तुम्ही कुठे आहात. आपल्या मच्छीमारांसाठी इस्रोने २०१० मध्ये डॅट (उपग्रहाला संकटाचा निरोप पाठवणारं यंत्र) आणलं, २०२४ मध्ये त्याची पुढची आवृत्तीही आली, त्यात तुमचा निरोप पोचला हे उलट कळतं. फ्लेअरचं काम त्यानंतरचं आहे. बोट किंवा हेलिकॉप्टर तुमच्या अंगणात येऊन शोधतंय आणि लाटांमध्ये तुमचं डोकं दिसत नाहीये, तेव्हा. म्हणूनच आधीच जाळून संपवू नका, कुणी बघणारं आहे असं दिसलं की मगच.

शिडवाला_सिंहगडरोड:

सगळ्यांना धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो. ११२ ला फोन केला, पहिल्यांदा फटाके समजले, मग नीट सांगितल्यावर लोक आले, धुराचा डबा घेऊन गेले, बोटीचे कागद आणि माझं नाव-पत्ता लिहून घेतलं, ओरडले नाहीत. खाली सोसायटीत मात्र अर्धी बिल्डिंग जमली होती, चेअरमननी मला मीटिंगला बोलावलंय. रॉकेटचे आणि हँड फ्लेअरचे फोटो एका चँडलरला पाठवलेत, तो म्हणाला नवे घेतलेत तर जुने घेतो पण त्याने सांगितलेल्या दिवशीच आणा. मित्र अजून म्हणतोय रॉकेट बॅकअपला ठेवू. त्याला थर्डमेट काकांचं २०० मीटरवालं गणित पाठवलंय.

एकच शेवटचं, नवे आत्ताच घेऊन टाकू का?

जुना_थर्डमेट:

आत्ता कशाला? बोट बाहेर आहे, समुद्र बंद आहे, तारखेचे तीन-चार महिने घरात कपाटात जातील. सीझनला बोट पाण्यात घालायच्या आठवड्यात घ्या. आणि घेताना एक्स्पायरी बघण्याआधी बनवल्याची तारीख बघा, दुकानात वर्षभर पडलेला माल तुमच्यासारख्या नव्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात आणि किंमत पुऱ्या तीन वर्षांची घेतात. रॉकेट चार घ्या, दोन नको. जुने द्यायला जाल तेव्हा चँडलरकडून जुने मिळाल्याची चिठ्ठी मागा, तुमच्या चेअरमनच्या मीटिंगमध्ये कामाला येईल.